परतीचा धागा

‘उसवणे’ हा शब्द मराठीत सहसा चांगल्या अर्थाने येत नाही. शिवण उसवते, खिसा उसवतो, जुनी नाती उसवतात. ‘आज दुपारी निवांत बसून छान उसवले’ असे कोणी कौतुकाने सांगत नाही. तथापि ज्या घरात सुई-दोरा नित्य हाताळला जातो, त्या घरातील स्त्रियांना ठाऊक असते की भरतकामाचा मोठा वेळ टाके घालण्यात जातो आणि उरलेल्यातला बराचसा घातलेले टाके काढण्यात. पहिल्या कामाचे कौतुक होते. दुसऱ्याचा मागमूसही राहत नाही. राहिलाच, तर ते काम नीट झाले नाही असे समजावे.

वाळवा तालुक्यातील आष्टा हे ऊस, हळद आणि गुळाच्या मुलखातील गाव. आज ते सांगली जिल्ह्यात आहे. १९४९ साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला, तोवर ते साताऱ्यात मोडत असे. जिल्ह्याच्या रेषा अशा बदलल्या, परंतु येथील जैन घरांच्या सोयरिकींची रेषा त्याहून जुनी आहे आणि ती दक्षिणेकडे जाते. निपाणी, चिकोडी, बेळगाव, तेरदाळ या भागांतून लेकी इकडे सुना होऊन येतात आणि इकडच्या तिकडे जातात. जुन्या सांगली संस्थानातच शहापूर, तेरदाळ, दोडवाड असे कन्नड मुलखातील तालुके होते, त्यामुळे हे येणे-जाणे कोणाला परप्रांतात गेल्यासारखे वाटले नाही. त्या लेकींबरोबर इरकली लुगडी आली, खणाच्या चोळ्या आल्या, आणि काही जणींच्या बोटांत कशिदा आला. तोच धारवाडी कशिदा, ज्याला तिकडे ‘कसूती’ म्हणतात.

कशिदा मुळात मोजणीचे काम आहे. कापडावर पेन्सिलीने आकृती काढायची नाही, छाप मारायचा नाही. कापडाचे आडवे-उभे धागे डोळ्यांनी मोजायचे आणि त्या मोजणीवर गोपूर, रथ, पालखी, हत्ती, मोर, तुळशीवृंदावन उभे करायचे. टाके मुख्यतः चार. गवंती, मुर्गी, नेयगी आणि मेंथी. मेंथी म्हणजे मेथी. हा फुलीसारखा दाट भरणारा टाका. नेयगी विणकामासारखा दिसतो. मुर्गी पायऱ्या-पायऱ्यांनी चढते-उतरते. आणि गवंती हा या साऱ्यांत मानाचा टाका. त्यात सुई एकदा साध्या धावदोऱ्याने पुढे जाते, एक टाका वर आणि एक खाली असा. मग त्याच वाटेने मागे फिरते आणि जाताना मोकळ्या सोडलेल्या जागा येताना भरून काढते. रेघ पूर्ण होते ती परतताना. गाठ कोठेही मारायची नसते. म्हणून गवंती आणि मुर्गीचे काम दोन्ही बाजूंनी सारखे दिसते. सुलट कोणती आणि उलट कोणती हे करणारीलाही चटकन सांगता येऊ नये, अशी त्याची कसोटी.

या कसोटीमुळेच कशिद्यात चूक लपवण्याची सोय फार थोडी असते. इतर भरतकामात मागच्या बाजूला दोऱ्याचे कितीही जाळे माजले तरी अस्तर लावून झाकता येते. येथे अस्तराला जागा नाही. शिवाय एका धाग्याची चूक एका धाग्यापुरती राहत नाही. चार धाग्यांच्या टाक्याऐवजी नकळत पाच धागे उचलले गेले, की पुढचे सगळे एका धाग्याने सरकते. सरकलेले प्रत्येक गोपूर मात्र स्वतःपुरते निर्दोष असते. त्याच्या पायऱ्या बरोबर, त्याचा कळस बरोबर. त्यामुळे चूक दिसत नाही. ती कोठेतरी दूर, दोन रेघा भेटायच्या ठिकाणी उघडी पडते. व्यापारी घरात याचे वेगळे स्पष्टीकरण देण्याची गरज नाही. खतावणीच्या एका पानावर बेरीज चुकली आणि ‘मागील पानावरून पुढे’ म्हणून तीच रक्कम नेली, की पुढच्या पानांवरील प्रत्येक बेरीज आपल्या जागी बरोबर असूनही सगळा हिशेब चुकत जातो.

आष्ट्यातील अशाच एका घरात काही वर्षांपूर्वी एक वेष्टन भरायला घेतले होते. सासूबाई चिकोडीकडच्या, वय ऐंशीच्या जवळ. त्यांचे श्रुतपंचमीचे व्रत पुरे होत आले होते आणि उद्यापनाला घरच्या हस्तलिखित पोथीसाठी स्वतःच्या हाताने भरलेले वेष्टन असावे, अशी त्यांची इच्छा होती. ज्येष्ठ शुद्ध पंचमी हा शास्त्रपूजनाचा दिवस. पुष्पदंत आणि भूतबली या आचार्यांनी षट्खंडागम ग्रंथबद्ध केला आणि त्याची पूजा झाली, त्याची ही आठवण. त्या दिवशी पोथ्या बाहेर काढून, ऊन दाखवून, धूळ झटकून नव्या वस्त्रात बांधायच्या, ही आपल्या मंदिरांतील जुनी रीत. कापड पांढरे सुती घेतले होते, दोरा मरून रंगाचा, तोही सुती. रेशमाचा विषय त्या घरात निघाला नाही. कशिदा मूळचा रेशमाचा हे सासूबाईंना माहीत होते, परंतु शास्त्राभोवती कोसल्यातल्या किड्याचा जीव गुंडाळायचा नाही, इतके त्यांनी पूर्वीच ठरवून टाकले होते.

वेष्टनाच्या चारही बाजूंना गोपुरांची किनार, एकेका बाजूला बारा गोपुरे. पहिल्या दोन बाजू सासूबाईंनी भरल्या. मग डोळे साथ देईनात, म्हणून सुनेने सुई हाती घेतली. सून मिरजेची, तिला कशिदा येत नव्हता, तो तिने लग्नानंतर सासूबाईंकडूनच उचलला होता. तिसरी बाजू भरून झाली, चौथी संपत आली, आणि शेवटच्या कोपऱ्यात किनारीची दोन टोके एकमेकांना भेटेनात. एका धाग्याचे अंतर राहिले. श्रुतपंचमीला पंधरा दिवस उरले होते.

पतीने चष्मा वर सरकवून पाहिले आणि आडतीवर बसणाऱ्या माणसाला जे सुचेल तेच सुचवले. “शेवटचा टाका पाच धाग्यांचा घाल. मेळ बसेल.”

मेळ बसला. सुनेने तसा एक टाका घातला आणि किनार जुळली. सासूबाईंना ती दाखवली तेव्हा त्यांनी नेहमीप्रमाणे चारही बाजूंवरून बोट फिरवले आणि समाधानाने कापड परत दिले. ही तडजोड लबाडीची होती असे म्हणणे कठोर होईल. उशीचा अभ्रा असता, रुमाल असता, तर ती शहाणपणाचीच ठरली असती. प्रत्येक चूक उसवलीच पाहिजे असा आग्रह धरणाऱ्या बाईच्या हातून आयुष्यात चार रुमाल पुरे होत नाहीत, आणि घरातल्यांना तिच्या जवळ बसवत नाही, ते वेगळेच. अंगावर पडलेला एखादा सैल टाका, किंचित तिरकी पडलेली पाकळी, हे जसेच्या तसे राहू द्यावे. परंतु या वेष्टनात किनारीच्या आत जाळी भरायची होती. समोरासमोरच्या गोपुरांना जोडणाऱ्या सरळ रेघा. तिसऱ्या दिवशी जाळीची पहिली आडवी रेघ डावीकडच्या गोपुरापासून निघाली आणि उजवीकडे पोहोचली तेव्हा कळसाच्या टोकावर न येता एक धागा खाली आली. दुसरी रेघही तशीच.

हिशेबाच्या जाणत्यांनी हे आधीच ओळखले असेल. दोन समान चुका समोरासमोर आल्या तर तेरीज जुळते, खाती मात्र चुकलेलीच राहतात. जुळलेल्या तेरजेचा धोका असा, की ती पाहून माणूस शोध थांबवतो.

येथे थोडे बाजूला जाऊन एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. चूक सुधारण्याच्या तीन वेगवेगळ्या रीती आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत. एक वहीची. रोजकीर्दीत खाडाखोड चालत नाही. चुकीची नोंद झाली तर ती तशीच ठेवून तिच्या उलट दुसरी नोंद करायची, म्हणजे चूकही दिसते आणि दुरुस्तीही. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरबदलाची नोंद आपोआप राहिली पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये, असा नियम लागू झाला, तेव्हा अनेक पेढ्यांवरील जुन्या माणसांना त्यात नवे काही वाटले नसावे. वहीपूजनाच्या वहीला तो नियम केव्हापासूनच लागू होता.

दुसरी रीत पोथीची. कागदाच्या जुन्या हस्तलिखितांत लेखनिकाची अक्षरे चुकली की तो त्यांवर हरताळाचा पिवळा लेप देई आणि वाळल्यावर त्यावर बरोबर अक्षर लिही. ‘हरताळ फासणे’ हा आपला वाक्प्रचार तेथूनच आला. पुढे त्याचा अर्थ बिघडला आणि तो नियम धाब्यावर बसवणाऱ्यांसाठी वापरला जाऊ लागला, परंतु मूळ कृती लेखनिकाच्या प्रामाणिकपणाची होती. ग्रंथाच्या शेवटी हे लेखनिक आपल्या चुकांबद्दल वाचकाची क्षमा मागत आणि जाणत्यांनी त्या सुधाराव्यात अशी विनंती करीत. ताडपत्रावर मात्र लोखंडी लेखणीने अक्षर कोरले की ते कोरलेच. मुडबिद्रीच्या ताडपत्रांत शतकानुशतके राहिलेली धवला विसाव्या शतकात छापून बाहेर आली, डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ पासून पुढे तिचे सोळा भाग निघाले. ते काम करताना संपादकांना पाठभेद आणि लेखनदोष निवडत बसावे लागले, कारण नकलेवरून नक्कल होताना एकाची चूक पुढच्याकडे तशीच जात राहते. पाच धाग्यांचा टाका तेथेही असतोच.

तिसरी रीत सुईची. तिच्यात चुकीची नोंदही ठेवायची नाही आणि लेपही द्यायचा नाही. ज्या वाटेने गेलो त्याच वाटेने, प्रत्येक टाका उलट्या क्रमाने मोकळा करीत, चुकीच्या जागेपर्यंत यायचे आणि तेथून पुन्हा निघायचे. ‘प्रतिक्रमण’ या शब्दाची फोड करून पाहिली तर त्यात हेच मागे फिरणे आहे. सुई-दोऱ्याच्या कामाला इतका मोठा शब्द लावावा काय, अशी शंका कोणी घेईल. ती रास्त आहे, आणि तरीही शब्द लागू पडतो.

सुनेला दोन रात्री झोप लागली नाही. त्यात कापडाची काळजी कमी होती आणि सासूबाईंना काय वाटेल याची अधिक. त्यांना न सांगता जाळीचा नमुना बदलता आला असता. रेघांऐवजी मध्ये सुटी फुले भरता आली असती. बोटांना फुलेच लागली असती आणि विचारले असते तर ‘हे अधिक शोभते’ असे म्हणता आले असते. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात प्रायश्चित्ताचे नऊ प्रकार मोजले आहेत. त्यांत प्रतिक्रमण दुसरे येते. पहिली येते ती आलोचना, म्हणजे दोष जसा घडला तसा ज्याला सांगायचा त्याच्यापुढे सांगणे. हा क्रम ज्यांनी लावला त्यांना माणसाचे मन चांगले ठाऊक होते. मागे फिरण्याचे कष्ट माणूस एक वेळ घेतो, सांगण्याचे टाळतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी, दुकानाची माणसे जेवून गेल्यावर, तिने सांगितले.

“आत्या, किनार जुळली नव्हती. मी शेवटचा टाका पाचाचा घातला.”

सासूबाई क्षणभर गप्प राहिल्या. मग स्वतःचे बोट डोळ्यांसमोर धरून म्हणाल्या, “आणि ह्या शहाण्याला कळलं नाही होय!” आणि हसल्या.

मग दोघींनी मिळून पहिल्या कोपऱ्यापासून मोजायला सुरुवात केली. सून सुईचे टोक पुढे सरकवीत होती आणि सासूबाई आकडे म्हणत होत्या. साठ वर्षे आष्ट्यात राहून त्या मराठीत बोलत, मराठीत भांडत, जपही इकडच्याच उच्चाराने करीत. परंतु धागे मोजताना त्यांच्या तोंडी कन्नडच येई. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. पहिली बाजू बरोबर निघाली. दुसऱ्या बाजूला सहावे गोपूर संपून सातवे सुरू होण्यापूर्वी, त्यांना जोडणाऱ्या पायाच्या रेघेत, नाल्कुनंतर एक धागा उरला.

सून काही बोलली नाही. दुसरी बाजू तिची नव्हती.

“थांबलीस का?” सासूबाईंनी विचारले. “कुठं आहे?”

“सहाव्या-सातव्याच्या मधे.”

“म्हणजे माझ्यात.” त्या विचारात पडल्या. मग त्यांना आठवले. “डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घातले होते, तो दिवस. सगळं दुधातून बघितल्यासारखं दिसत होतं. तरी म्हटलं, एवढी एक रेघ उरकून घ्यावी.” आणि थोड्या वेळाने, “तुझी तीस गोपुरं गेली गं पोरी माझ्या एका रेघेपायी.”

तीस हा आकडा बरोबर होता. दुसऱ्या बाजूची सहा, तिसरीची बारा, चौथीची बारा. त्यांतील सहा त्यांची स्वतःची, चोवीस सुनेची. आणि ती चोवीसही एकही टाका न चुकलेली. खरी कसोटी येथे आहे. स्वतःची चूक उसवताना माणूस स्वतःवर चिडतो, परंतु हात चालतो. दुसऱ्याच्या चुकीवर उभे राहिलेले आपले बिनचूक काम उसवताना हात जड होतो. एकत्र कुटुंबात आणि भागीदारीच्या धंद्यात ज्यांनी आयुष्य काढले आहे, त्यांनी हा जडपणा सुईशिवायही अनुभवलेला असतो. चूक कोणाची हे ठरवता येते, परंतु ते ठरवल्याने एकही टाका निघत नाही.

त्या संध्याकाळी उसवायला घेतले नाही. सासूबाईंनीच घेऊ दिले नाही. रागात किंवा थकव्यात उसवायला बसलेली बाई कात्री चालवते, आणि कात्री दोऱ्याबरोबर कापडही कापते, असे त्यांचे म्हणणे. यात अतिशयोक्ती नाही. भरतकाम शिकवणाऱ्या जाणत्या बायका उसवण्याची जी पद्धत सांगतात ती टाके घालण्याहून कमी नाजूक नाही. कात्रीचे टोक शक्यतो वापरू नये. सुई उलटी धरून तिच्या नेढ्याच्या बोथट बाजूने टाका उचलावा, म्हणजे कापडाचा धागा फुटत नाही. लांबच्या लांब दोरा एका हिसक्यात ओढू नये. त्याने कापड गोळा होते आणि चौकटीचे धागे कायमचे सरकतात. दोन-चार टाके सैल करावेत, दोरा बाहेर घ्यावा, पुन्हा दोन-चार. गडद दोरा फिक्या कापडावरून निघताना आपला बारीक कोंडा मागे ठेवतो. तो चिमट्याने किंवा चिकटपट्टीने टिपून घ्यावा, बोटाने चोळू नये, नाहीतर तो आत रुततो. सुईने पडलेली भोके घाबरवतात, परंतु सुती कापडात ती टिकत नाहीत. कापड किंचित ओलसर करून नखाच्या पाठीने आधी उभे आणि मग आडवे हलके घासले की धागे पुन्हा आपापल्या जागी बसतात. आणि निघालेला दोरा पुन्हा मोठ्या रेघेला वापरू नये. कापडातून एवढ्या वेळा गेल्याने तो विरलेला असतो.

उजेडाचेही आहे. काळ्या चंद्रकळेवर काळ्याशी मिळत्या रंगाचा टाका उसवायचा तर भर दिवसाच बसावे लागते. आपल्या घरांत दिवेलागणीपूर्वी जेवणे आटोपतात आणि संध्याकाळ मोकळी मिळते, परंतु ती मोजणीला फसवी असते.

दुसऱ्या दिवसापासून दोघी बसल्या. सून टाके सैल करी आणि सुटलेल्या दोऱ्याचे टोक सासूबाईंच्या हाती देई. त्या बोटांनी अंदाज घेत तो हळूहळू बाहेर काढीत आणि जुन्या लग्नपत्रिकेच्या एका तुकड्यावर गुंडाळून ठेवीत. डोळ्यांनी होत नव्हते ते काम अशा रीतीने त्यांच्या वाट्याला पुन्हा आले. दोन वर्षांत सुई हाती धरली नव्हती म्हणून त्या मनातून खंतावल्या होत्या, हे घरात कोणाच्या लक्षात आले नव्हते. दुपारचे तास आता गप्पांत जाऊ लागले. चिकोडीच्या वाड्यातील विहीर, पहिल्यांदा आष्ट्यात आल्यावर मराठी न समजल्याने झालेल्या फजित्या, कुंभोजच्या बाहुबली डोंगरावर बैलगाडीने केलेली यात्रा. एक गोपूर भरायला दीड दिवस लागला होता. उसवायला पाऊण तास पुरत असे. नाश हा नेहमीच निर्मितीहून स्वस्त पडतो, असे त्यावरून कोणी म्हणेल, परंतु त्या दुपारी काही नष्ट होत आहे असे त्या माजघरात बसलेल्या कोणाला वाटले नसते.

याचे कारण स्वभावात शोधावे की शिकवणीत, हे ठरवणे कठीण आहे. आपल्या शास्त्रात आर्तध्यान म्हणून जे सांगितले आहे, त्यात नको ते पदरी पडल्याचे आणि हवे ते हातचे गेल्याचे सतत चिंतन हे दोन्ही येतात. चुकलेल्या टाक्यापाशी ही दोन्ही एकदमच हजर होतात. चूक पदरी पडलेली असते आणि केलेले काम हातचे जाते. त्यात मन घोळवत ठेवणे हे तेथे दुःख म्हणून नव्हे तर अशुभ ध्यान म्हणून मोजले आहे. प्रायश्चित्त मात्र आभ्यंतर तपांत पहिले. म्हणजे तीच चूक, तेच कापड. हळहळत बसले तर एका खात्यात जमा होते, सुई उलटी धरून कामाला लागले तर दुसऱ्या. सासूबाईंनी हे शब्द वापरले नाहीत. त्या फक्त एवढेच म्हणत की रडत उसवले तर दोरा तुटतो.

जगात इतरत्रही बायकांनी या कामाला हसून घेण्याच्या युक्त्या शोधल्या आहेत. इंग्रजी बोलणाऱ्या मुलखांत विणकाम आणि भरतकाम करणाऱ्या स्त्रिया उसवण्याला ‘बेडूक’ म्हणतात. त्यांच्या भाषेत बेडकाच्या ओरडण्याचा आवाज ‘फाडून काढ’ अशा अर्थाच्या शब्दांसारखा ऐकू येतो, एवढाच त्याचा आधार. आपला बेडूक ‘डराव डराव’ करतो, त्याला भरतकामातले काही कळत नाही. उसवणाऱ्यांत सर्वांत प्रसिद्ध ठरली ती होमरच्या महाकाव्यातील पेनेलोपी. परतीची वाट पाहायला लावणाऱ्या पतीच्या अनुपस्थितीत दाराशी बसलेल्या मागणीदारांना तिने सांगितले, की सासऱ्यासाठी विणायला घेतलेले वस्त्र पुरे झाले की मी निवड करीन. आणि दिवसा विणलेले ती रात्री उसवीत राहिली, तीन वर्षे. तिचे उसवणे काम पुरे होऊ नये यासाठी होते. आष्ट्यातील या दोघींचे पुरे व्हावे यासाठी.

आणखी एक समजूत अधूनमधून कानी येते, की मोठे कारागीर आपल्या कामात मुद्दाम एक चूक ठेवतात, कारण पूर्णत्व मानवाला शोभत नाही. पंजाबच्या फुलकारीत काही बायका एखाद्या कोपऱ्यात वेगळ्या रंगाचे छोटे फूल भरून ठेवतात, नजर लागू नये म्हणून. ते आपल्या तिटीसारखे आहे आणि गोड आहे. परंतु तीट जाणून लावायची असते. बाळाच्या गालावर शाई सांडली आणि मग ‘ती तीटच आहे’ असे म्हटले, तर आजीला ते पटणार नाही. नकळत पडलेल्या टाक्याला नम्रतेचे नाव देऊन मोकळे होणे सोपे असते. सुनेच्या पतीने तेही सुचवून पाहिले होते. त्याला उत्तर मिळाले नाही, चहा मिळाला.

उसवण पुरी व्हायला आठ दिवस लागले. श्रुतपंचमीला उरले चार. तीस गोपुरे चार दिवसांत पुन्हा भरून होणार नव्हती, हे दोघींना माहीत होते, आणि त्याविषयी घरात फारशी चर्चा झाली नाही. पंचमीच्या आदल्या दिवशी सुनेने धुतलेल्या मांजरपाटाचा एक चौकोनी तुकडा कडा दुमडून शिवला. सकाळी पोथी उन्हात ठेवली, पाने चाळली. खापरपणजोबांच्या हातचे ते लेखन. ठिकठिकाणी हरताळाचे पिवळे ठिपके, त्यांवर काळजीपूर्वक पुन्हा लिहिलेली अक्षरे. सासूबाईंना ते ठिपके आता दिसत नव्हते, परंतु कोणत्या पानावर किती आहेत हे त्यांना पाठ होते. पोथी मांजरपाटात बांधली, पूजा झाली, उद्यापन झाले. मंदिरात एका बाईने विचारले, “वेष्टन भरत होता ना?” सासूबाईंनी जय जिनेंद्र केला आणि म्हणाल्या, “उसवतोय अजून.” विचारणारीला तो विनोद वाटला.

भरलेले वेष्टन तयार व्हायला दिवाळी उलटली. मधल्या काळात ऊसतोड सुरू झाली, नातवाची परीक्षा झाली, सासूबाईंच्या एका डोळ्याची शस्त्रक्रिया होऊन त्यांना बरेच दिसू लागले. आणि दिसू लागल्यावर त्यांनी सर्वांत आधी सहाव्या आणि सातव्या गोपुराच्या मधली रेघ पाहायला मागितली. ती आता इतर रेघांसारखीच होती. कोठे उसवले होते ते त्यांना सापडले नाही. सुनेलाही मोजल्याशिवाय सांगता आले नाही.

लग्नपत्रिकेच्या तुकड्यावर गुंडाळलेला मरून दोरा बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात पडून होता. मोठ्या कामाला तो उपयोगाचा नव्हता, म्हणून दुसरीत शिकणाऱ्या नातीला शिकायला दिला, सोबत मॅटीचा एक तुकडा. ती आजीजवळ बसून पहिले गोपूर भरते. तिसऱ्या पायरीवर नेहमी चुकते, जीभ दातांत धरून सुई उलटी करते, उसवते आणि पुन्हा मोजू लागते. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. कन्नडमधील पाच तिला अजून येत नाही.